आबांनी दुकान वाढवलं

भोपाळ, पितृपक्ष

तीर्थस्वरूप शोभाआत्यास भोपाळहून सुधाकरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं पद्धत म्हणून नाही. खरोखरच जमिनीवर बसून लिहितो आहे. खुर्चीवर बसलं की माझे गुडघे एकमेकांवर आपटतात आणि सुचेता आतून विचारते, अहो, दार कोण वाजवतंय?) तुझी तब्येत कशी आहे? बीपी ताब्यात आहे ना? कानाचं नवं यंत्र कसं चालतं? श्रावणात निखिल ते द्यायला म्हणून अमरावतीला आला, चांगला दोन दिवस तुझ्याकडे राहिला, पण त्यानंतरही फोनवर मी 'पाऊस' म्हटलं की तू 'कापूस' ऐकतेस. म्हणून हे पत्र. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहावं लागतं, सबब लिहिलं. वि. वि. (विनंती शेवटी आहे, आधी विशेष ऐक.)

तुला आठवत असेल, संक्रांतीला मी फोनवर आबांच्या सावळखेड्याच्या दुकानाची माहिती विचारत होतो. आमच्या इथल्या मराठी मंडळात 'आमचं घराणं' म्हणून कार्यक्रम होता आणि प्रत्येकाने आपल्या पूर्वजांवर दहा मिनिटं बोलायचं होतं. आता तू सांग, माझ्या आधी जे बोलले त्यांचे पणजोबा भोसल्यांच्या फौजेत हत्तीवर, चार इमलीतल्या सरकारी बंगल्यातल्या साहेबांचे आजोबा दिवाण, एकीचे तर म्हणे वाघाशी कुस्ती खेळलेले. आणि माझे आजोबा गूळ, रॉकेल, सुतळी, पाटीवरची पेन्सिल आणि कंदिलाच्या काचा विकणारे! माइकसमोर उभा राहिलो. तेवढ्यात फोनवर तू ओरडून सांगितलेलं एक वाक्य आठवलं, 'मग तुझे अण्णा भोपाळला गेले आणि आबांनी दुकान वाढवलं.' बस, आत्या, ते वाक्य मी बुडत्याने धरावं तसं धरलं. एका दाराचं दुकान चार दारांचं केलं. एका दारात कापड ठेवलं, एकात लोखंड, मागे गोदाम बांधलं, पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांची रांग लावली. थोरला मुलगा परमुलखात नोकरीला गेला असताना एकट्या म्हाताऱ्याने जिद्दीने दुकान वाढवलं, असं ठोकून दिलं. टाळ्या इतक्या पडल्या की वाघाशी कुस्ती खेळणाऱ्यांची नात उठून चहा प्यायला गेली.

तिथवर ठीक होतं. पण मागच्या रांगेत आमचे चिरंजीव बसले होते. निखिलची मंडीदीपच्या कारखान्यातली नोकरी तुला माहीतच आहे. इंजिनिअर, कंपनीची बस, कँटीन, वर्षाला दिवाळीचा मिठाईचा डबा. श्रावणात तुझ्याकडून परत आला आणि त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला. म्हणाला, बाबा, जवाहर चौकात दुकान घेतलंय भाड्याने, जनरल स्टोअर काढतो, दसऱ्याला मुहूर्त. मी म्हटलं, अरे बाबा, हल्ली बटण दाबलं की पोरं दहा मिनिटांत मीठसुद्धा घरी आणून देतात, तुझ्या दुकानात येणार कोण? तर हसून म्हणाला, आबांनी एकट्याने वाढवलं ना? मग मला क्या प्रॉब्लेम है? तुमचं भाषण ऐकूनच तर हिंमत आली.

आत्या, मी जन्माचा भित्रा. ऑफिसात साहेबांची बेल वाजली की माझ्या शेजारचा उठायचा आणि घाम मला फुटायचा. लग्नात सुचेताला हार घालताना तो मी तिच्या भावाच्या गळ्यात घातला. माझ्याकडे बघून कोणाला हिंमत यावी, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पोराच्या नोकरीची काळजी वाटत होती, तरीही वाटलं.

आता खरा घात ऐक. मागच्या आठवड्यात मी दुकान बघायला जवाहर चौकात गेलो. शेजारी मुन्ने खाँ म्हणून जुने भोपाळी गृहस्थ आहेत, त्यांचं कुलपं आणि दोरखंडांचं दुकान. दिवेलागणीची वेळ. मी म्हटलं एक कुलूप घेऊन जाऊ, तर ते म्हणाले, 'अब तो दुकान बढ़ा रिये हैं खाँ, कल आइयो.' मला इतका आनंद झाला! शेजार वाढता असला की आपलंही वाढतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, मुबारक हो! किधर को बढ़ा रहे हैं, पीछे को के ऊपर को? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग 'नीचे को,' असं म्हणून धाडकन शटर खाली ओढलं.

मी तिथेच उभा. आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळंच कळलं. घरी येऊन सुचेताला विचारलं, दुकान वाढवणं म्हणजे काय गं? ती पुण्याची, तिला शब्द चुकीचा कळला असं आजवर झालेलं नाही. ती नारळ खवत होती. म्हणाली, 'अहो, हा नारळ मी आत्ता वाढवला, तो काय कलिंगडाएवढा झाला? बांगडी वाढवली म्हणजे काय हातभर होते? फुटलं, बंद झालं असं अभद्र बोलू नये म्हणून वाढवलं म्हणायचं. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं!' मी म्हटलं, मग भाषणाच्या वेळी तू मला थांबवलं का नाहीस? तर म्हणे, तुमचं भाषण मी कशाला ऐकू, मी मंडळाच्या स्वयंपाकघरात वडे तळत होते.

म्हणजे बघ. अण्णा नोकरी घेऊन भोपाळला आले, तुझं लग्न ठरलेलं, गल्ल्यावर बसायला कोणी उरलं नाही, म्हणून आबांनी दुकान बंद केलं. आणि त्या बंद दुकानाची मी चार दारं करून ठेवली! आबा शेवटची वर्षं इथे आमच्या टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये होते, ते मला आठवतात. रोज संध्याकाळी दाराची कडी लावताना म्हणायचे, 'चला, वाढवतो.' लगेच आई ताटं वाढायला घ्यायची, त्यामुळे मला इतकी वर्षं वाटत होतं की ते जेवणाबद्दल बोलतात. (भूक लागलेल्या पोराला दुसरं काय वाटणार?)

आता पाटीचं ऐक. निखिलने पाटी रंगवून आणली आहे, चांगली लांबलचक. 'आबाजी जनरल स्टोअर्स.' त्याखाली मराठीत, 'दुकान वाढवण्याची जुनी परंपरा'. आणि गिऱ्हाईक सगळं हिंदी, म्हणून त्याखाली हिंदीत, 'दुकान बढ़ाने वालों का पुराना ख़ानदान'. मुन्ने खाँ पाटीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, 'को खाँ, खोलने से पेलेई?' (म्हणजे, उघडायच्या आधीच बंद?)

त्याला खरं सांगायचा मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. रविवारी पोहे-जिलबी खाताना सुरुवात केली, 'निखिल, आबांचं जे दुकान होतं ना...' तर त्याने माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकली आणि म्हणाला, बोला ना बाबा. मी जिलबी खाल्ली. दुसऱ्यांदा गाडीवर त्याच्या मागे बसून कानात ओरडायचं ठरवलं. तोंड दिसत नाही, धीर येईल म्हणून. पण त्याचं हेल्मेट होतं. तो म्हणाला, डावीकडे वळू? मी म्हटलं, वळ. नोटीस पीरियड संपायला थोडेच दिवस उरलेत. तोवर साहेबांना सांगून राजीनामा मागे घेता येतो, असं त्याच्याच मित्राने मला सांगितलं. नंतर दार बंद. (बंदच म्हणतो. आता वाढवलं म्हणायची छाती नाही.)

आणि वरून पितृपक्ष! काल आबांची तिथी. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं, खीर, उडदाचे वडे, सगळं आबांच्या आवडीचं. समोरच्या टाकीवर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. मला ठाऊक होतं कसली इच्छा ते. ज्या माणसाने गुळाच्या ढेपेवरचा मुंगळासुद्धा झटकून मग वजन केलं, त्याच्या नावावर मी चार दारं आणि एक गोदाम खपवलं होतं! हात जोडले आणि मनात म्हणालो, आबा, निखिलला खरं काय ते सांगितलं जाईल. त्याबरोबर एक मोठा डोमकावळा आला, वडा उचलला आणि माझ्याकडे तिरकं बघत उडून गेला. आता माझी सुटका नाही. एकच आशा आहे. मी 'सांगेन' म्हणालो नाही, 'सांगितलं जाईल' म्हणालो. जन्मभर सरकारी नोकरी केली, कोणी सांगायचं ते वाक्यात येऊ द्यायचं नाही ही सवय अशी उपयोगी पडते.

प्रकृतीला जप. गच्चीवर एकटी जाऊ नकोस. सुचेताचा नमस्कार.

तुझा भाचा,
सुधाकर

ता. क. : ओळखलं असशीलच. ते तू सांगायचंस. निखिलला फोन करून एवढंच म्हण की आबांनी दुकान बंद केलं होतं, तुझ्या बापाला मराठी येत नाही. माझं नाव पुढे आलं तरी चालेल, फक्त त्या वेळी मी घरात नसेन अशी वेळ कळव. पण लवकर कर, आत्या. पोराची नोकरी जाते आहे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला डिंक सापडेना म्हणून पत्र दोन दिवस टेबलावर राहिलं आणि निखिलने वाचलं. (दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्याला शिकवायचं राहून गेलं.) मी मोरीत जाऊन कडी लावून घेतली. तो बाहेरून म्हणाला, 'बाबा, दार उघडा, मला श्रावणापासून माहीत आहे. आत्याआजीने सगळं सांगितलं.' आत्या! तुझं यंत्र उत्तम चालतं तर! आणि मला मात्र कापूस! तो म्हणाला, दुकानाच्या शेवटच्या दिवशी पारावर कोणीतरी विचारलं, आबा, दुकान बंद केलं का? तर आबा खवळले. म्हणाले, बंद नाही रे, वाढवलं. बंद केलेलं बंद राहतं, वाढवलेलं उद्या उघडायचं असतं. मग निखिल म्हणाला, उद्या यायला जरा टाइम लागला, इतकंच. मी आतूनच विचारलं, मग माझ्या भाषणाने हिंमत आली ते खोटं? तर म्हणे, नाही, ते खरंच आहे. 'तुमच्यासारखा घाबरट माणूस भरल्या सभेत एवढी मोठी थाप मारू शकतो, तर मी साधं दुकान नाही काढू शकत?' मी कडी काढली. राजीनामा तो मागे घेणार नाही. पाटीही तीच राहणार, मुद्दामच लिहिली आहे म्हणतो. भीती होती तितकीच आहे, फक्त आता ती दोघांत वाटून घेतली आहे. तो म्हणतो त्यालाही वाटते.

ता. क. तिसरा : वरची विनंती रद्द समज. दुकान उघडलं की दुपारी गल्ल्यावर मला बसवणार आहेत. गिऱ्हाईक म्हटलं की मला साहेबांची बेल ऐकू येते. आज तालीम म्हणून दिवसभर रिकाम्या दुकानात बसलो. संध्याकाळी निखिल म्हणाला, बाबा, शटर तुम्ही ओढा. ते निम्म्यावर अडकलं, मी लोंबकळलो, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, 'चला, वाढवतो.' शेजारून मुन्ने खाँ ओरडले, 'मुबारक हो खाँ! किधर को?' मी म्हटलं, नीचे को. निखिल तर हसत सुटला, पण माझे डोळे भरून आले, म्हणून मी कुलूप लावायला वेळ लावला.

आता खरी विनंती. दसऱ्याला उघडायला चार इमलीतले साहेब येणार आहेत, त्याची काळजी नाही. तू संध्याकाळी वाढवायला ये. निखिल तुला घ्यायला येईल. शटर मी ओढीन, तू फक्त शब्द म्हण. आबांचा शब्द आहे, माझ्याकडून पुन्हा चुकायला नको.