सात नंबरचं पाठवणं

६ जाने.
अमळनेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दुसरा दिवस. बारा कॅमेरे. आपलं सॉफ्टवेअर त्यांची चित्रं बघत राहतं, धूर दिसला की लॉगमध्ये नोंद करतं. ती नोंद जिनिंगच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर पोचली की भोंगा वाजतो. नोंद होत होती, पोचत नव्हती. सर्व्हरचा पत्ता बरोबर, पोर्टचा एक आकडा चुकलेला. त्यात दोन तास गेले. मग मोबाईलवर धुराचा व्हिडिओ लावून एकेका कॅमेऱ्यापुढे धरला. बाराही वेळा भोंगा वाजला.

कपाशीतला कचरा निवडणाऱ्या बायकांत सुमनआक्का म्हणून एक आहेत, पन्नाशीच्या. शिडी धरून उभ्या राहिल्या. "हाऊ डोया माले बी दखस का?" म्हटलं, तो फक्त धूर बघतो, आक्का. "मंग मन्ही चूलवर लाव." डब्यातली अर्धी भाकरी मला खायला लावली.

८ जाने.
पिंप्राळ्यातल्या घरून स्कूटी, जळगाव स्टेशन, अमळनेरची गाडी, परत तेच. ताप आल्यासारखं वाटतंय. सात नंबर त्रास देतोय. तो कपाशीच्या मोठ्या ढिगावर आहे, रुईचे तंतू समोरून उडाले की त्याला धूर वाटतो.

९ जाने.
दुपारपर्यंत एकोणीस वेळा भोंगा. सगळे सात नंबरचेच. पहिल्या तीन-चार वेळा बायका धावत बाहेर आल्या, नंतर कोणी मान वर करेना. मॅनेजरने थेट जळगावला आमच्या सरांना फोन लावला. सर मला म्हणाले, "सातचं पाठवणं बंद कर. सोमवारी नीट करू."
"सर, तोच तर ढिगावर आहे."
"दोन दिवसांत काय होतंय?"
सातपुढची टिक काढली. सेव्ह. भोंगा गप्प. मॅनेजरने चहा मागवला.
पाचच्या बसने धुळ्याला. उद्या चुलतबहिणीचा साखरपुडा.

१० जाने., धुळे
साडेतीनला सरांचा फोन. ढिगाला आग. बाकी सगळे बाहेर पडले.
सुमनआक्का

१२ जाने.
अमळनेर. अर्धी शेड काळी. ऑफिसातला कॉम्प्युटर शाबूत होता. लॉग उघडला.
२.११, कॅमेरा ७, धूर. नोंदलं. पाठवलं नाही.
२.२०, कॅमेरा ८, धूर. नोंदलं. पाठवलं.
भोंगा २.२० ला वाजला. आक्का जेवून ढिगामागे जरा आडव्या झाल्या होत्या, असं बायका सांगतात. त्या बाजूने बाहेर यायला एकच वाट, ढिगाला लागून.
सॉफ्टवेअर बरोबर होतं. त्याला दिसलं होतं.

१३ जाने.
सर जिनिंगच्या ऑफिसात, दार लावून: "नवीन व्हर्जन टाकून दे. जुना लॉग त्यात पुसला जातो." मग, "तुझ्या भल्याचं सांगतोय. टिक तुझ्या लॉगिनने निघालीय."
सरांच्या नकळत लॉग पेनड्राइव्हवर घेतला. मग सांगितल्याप्रमाणे नवीन व्हर्जन टाकलं.

१४ जाने.
एक गोष्ट सरांना माहीत नाही, लिहून ठेवते. शुक्रवारी पाठवणं बंद करायची गरज नव्हती. त्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता हळूहळू उतरवत बघता आली असती. दीड-दोन तासांचं काम. मला येतं ते. मला पाचची बस गाठायची होती, साडी फॉल लावून आणायची होती.

१७ जाने.
नानांना फोनवर सगळं सांगितलं.  मग, "तुला कोणी विचारलंय का?" नाही म्हटलं. "मग आपण होऊन बोलू नको, बेटा." बाप म्हणून नानांनी आयुष्यात मला खोटं बोलू दिलेलं नाही. 


२४ जाने.
दहावं-तेरावं उरकल्यावर आक्कांच्या घरी गेले. मुलगी लता एकटीच, तूर निवडत होती. माझ्याएवढीच असेल. पाणी दिलं. म्हणाली, तुमच्या कंपनीची माणसं येऊन गेली, कॅमेऱ्याला उशिरा दिसलं असं सांगून गेली.
मी म्हटलं, उशिरा नाही दिसलं. वेळेवर दिसलं होतं. मी त्याचं पाठवणं बंद केलं होतं.
तिचे हात थांबले नाहीत. सुपातली तूर पुढे-मागे.
"कितला उशीर?"
"नऊ मिनिटं."
"नऊ मिनिटमा मन्ही माय भाईर ई जाती."
हो, आल्या असत्या बाहेर, मी म्हटलं. 
मग म्हणाली, "तू आते जाय." निघाले. तिने दार लावलं नाही, पाठीमागून सुपाचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता.

२७ जाने.
आगीच्या सरकारी चौकशीचं पत्र आलं. गुरुवारी अकरा वाजता, अमळनेर. सरांनी उत्तरं टाईप करून दिलीत, दीड पान. 'सदर कॅमेऱ्याने धूर विलंबाने ओळखला.' चार वेळा वाचलं. नानांना कळवलं नाही.

२९ जाने.
चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. पेनड्राइव्ह पर्समध्ये, दीड पानही पर्समध्ये. सर शेजारी, मोबाईल बघताहेत.
साडेदहाला लता आली. मला पाहिलं, सरांना पाहिलं. वाटलं, येऊन सगळ्यांदेखत काही बोलेल. बोलायला हवं होतं. समोरच्या बाकावर बसली, पदर मांडीवर नीट केला. तिला कोणी सांगितलं असेल, मी आज काय बोलणार आहे? मलाच कुठे
शिपायाने नाव पुकारलं. माझं. सर उठले, म्हणाले, "मीही येतो आत." लता माझ्याकडेच बघतेय.