बांगड्या तेवढ्या रंगीत

४ मार्च
वसमतला पोचलो. दिग्रसकडच्या आमच्या तांड्यावरनं दोन एसट्या बदलून आलो, आंग ठणकून राहिलं, पण मन खूश हाय. अमृतरावांच्या फोटो स्टुडिओत काम लागलं. सातवी नापास मी. वीटभट्टी, ऊसतोड, हैदराबादला हमाली, कुठं टिकलो न्हाई. आता सावलीत बसून कम्प्युटर! ही वही माझ्या बायकोनं, पुजानं दिली. म्हणाली, रोज लिवा, आल्यावर मी वाचीन, तवा तरी कळंल तुमी कुठं असता ते. दुकानासमोरनं हळदीच्या गाड्या जातात, रस्ता पिवळा झालाय.

९ मार्च
काम शिकलो. इथं मयत माणसाचा फोटो काळापांढरा करून फ्रेम करतेत. पण एक जागा रंगीत ठेवायची, घरचे सांगतील ती. काल पद्माबाई नावाची आजी नवऱ्याचा फोटो घेऊन आली. म्हणाली, निळा गमछा ठिवा, बाकी म्हाताऱ्यात रंग नव्हताच कवा. रडता रडता हसली. अमृतराव प्रत्येकाला आधी मयताची तारीख विचारतेत. तारीख न्हाई तर काम न्हाई. काहून, ते सांगत न्हाईत.

१३ मार्च
पुजाची लई आठवण. मोबाईलात तिचा एकच फोटो, लग्नाचे जुन्या मोबाईलसंगं गेले. दुपारी अमृतराव जेवायला गेले तवा तो काळापांढरा केला अन हातातल्या हिरव्या बांगड्या तेवढ्या रंगीत ठेवल्या. इतका भारी दिसला, की त्याच्यावरच सेव्ह केला, मोबाईलात बी तोच टाकला. मूळचा पुसला गेला. जाऊ द्या.

१५ मार्च
याडीचा, माझ्या आईचा फोन. पुजा राख फासल्यावानी दिसून राहिली म्हणे. डॉक्टरनं रक्त तपासलं, बराबर हाय. तांड्यावरच्या बाया थट्टा करतेत, नवरा गेला अन पोरगी फिकी पडली. मला बी हसू आलं.

१६ मार्च
याडीनं फोटो पाठवला. पुजा राखाडी. गाल, ओठ, जीभसुद्धा. बांगड्या हायेत तेवढंच मनगट गव्हाळ अन गरम, बाकी आंग थंड, याडी म्हणाली. मी मोबाईल पालथा घातला.

१७ मार्च
अमृतरावांपुढं पुजाचा तो फोटो ठेवला. त्यांनी तारीख विचारली. जित्ती हाय, म्हणालो. ते खालीच बसले. म्हणाले, रंग परत भर, पण व्हता तसाच. अंदाजानं भरशील तर दुसरीच बाई उठंल तुझ्या घरात.

१८ मार्च
ओठ भरले. जांभळट, खालचा जरा जास्ती. याडी म्हणाली, ओठाला रंग आला. हनुवटीवरचं गोंदण — आलं. गाल — आले. लई रडलो.
डोळे राहिले.

१९ मार्च
डोळे काळे, का घारे?
लग्नाला दोन वर्षं. त्यात मी घरी चाळीस-पन्नास दिस. आता जाऊन बघावं तर तिथं बी राखाडीच. याडीला विचारलं, ती म्हणाली, सुनेच्या डोळ्यात कोण बगतं.
पुजाला दिसंना झालंय. फोनवर तिलाच विचारलं. म्हणाली, आरशातलं काय घेऊन बसलाव, तुमीच सांगा. तुमी बगितलेत ना?
मग पुन्हा — बगितलेत ना?

२० मार्च, सकाळ
तपकिरी टाकले. याडीचा फोन — पुजा उठून बसली, पण याडीला वळखंना. हे घर कुणाचं, विचारती —
काढले. लगीच काढले.

दुपार
पुजा पडून हाय. मनगट बी थंड पडून राहिलं —
फोन वाजतोय. याडीचा. उचलत न्हाई. आधी आठवू दे — निघायच्या दिशी फाट्यावर — एसटी लागली, मी जागा धरायला पळालो. तिनं हाक मारली. मी वळलो. ऊन बराबर तिच्या तोंडावर, अन तिचे डोळे —