हरेश्वरचं पाणी

२ ऑक्टोबर १९३१
पोहोचलो एकदाचा! होडीतून उतरताना धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, पण कादंबरीचे कागद डोक्यावर धरल्यामुळे कोरडे राहिले. बोर्लीहून चालत येण्याजोगा हा कोळीवाडा. वेणूबाई नावाच्या कोळणीने ओसरीलगतची खोली दिली. खिडकीत बसलं की समोर वाळत घातलेले बोंबील आणि पलीकडे समुद्र. वासाने सकाळी मळमळत होतं, संध्याकाळी त्याच वासाने भूक लागली.

मुंबईच्या संपादकांनी कादंबरी दोनदा परत पाठवली आहे. माझी माणसं म्हणे पुस्तकातच जन्मतात आणि पुस्तकातच मरतात. बघतोच आता! शाळेची नोकरी सोडून आलोय, माघार नाही.

घरधनी कुठे असतात, असं वेणूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दर्यावर हाय."

९ ऑक्टोबर
वेणूबाईंचा भाऊ तुकाराम जाळं विणता विणता सगळं सांगून गेला. त्यांचा नवरा हरेश्वर गेल्या वर्षीच्या वादळात गेला. मचवा सापडला, प्रेत लागलं नाही. म्हणून इथे त्याला मेला कुणी म्हणत नाही, बाईंच्या हातातल्या बांगड्याही तशाच. जो पहिल्यांदा 'मेला' हा शब्द तोंडातून काढेल, त्याने सख्ख्या भावासारखं दर्भाचा पुतळा जाळायचा आणि पाणी द्यायचं. नाही दिलं, तर मेलेला तहानेने त्याच्याच दारी येतो.

अहाहा! पुण्यात बसून असलं काही सुचलं असतं का? जेवण विसरून लिहीत सुटलो. नाव बदलून पाहिलं, पण हरेश्वर काढला की सगळंच मरगळतं. ठेवलं तेच.

१७ ऑक्टोबर
गाढवपणा केला. बुडण्याचं प्रकरण हातावेगळं करून टपालात टाकलं आणि मग राहवेना. लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय मला घास गिळवत नाही. वेणूबाई मासळी साफ करत होत्या. मी कच्चा खर्डा काढून अगदी रंगात येऊन वाचलं. 'हरेश्वर मेला' या वाक्याला त्या उठल्या. हात धुतले. एकेक बांगडी काढून ठेवली. म्हणाल्या, तुमी बोललात, आता पानी बी तुमीच द्या. आणि बोचकं घेऊन भावाकडे गेल्या.

फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्या वाक्याने आजवर कुणी जागचं हललं नव्हतं.

२४ ऑक्टोबर
संपादकांचं पत्र! प्रकरण आवडलं. फक्त बुडालेला माणूस अजून कागदी वाटतो, त्याचा चेहरा दिसत नाही. तो दाखवा, दिवाळीनंतर छपाईला घेतो, असं लिहिलंय. छापणार! अंगणात एकटाच नाचलो.

भरती आली की माझा पाण्याचा हंडा रिकामा होतो. गळका असणार.

२९ ऑक्टोबर
गळका नाही. दुसरा हंडा आणला, तोही रिकामा. ओसरी ओली, ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत. परत जाणारे नाहीत.

तुकारामने ठसे पाहिले. पुतळा मी बांधतो, उद्या किनाऱ्यावर येऊन अग्नी द्या, म्हणाला. हात जोडले त्याने. मी हो म्हटलं.

पण एकदा हरेश्वर मोकळा झाला की गेला. मग चेहरा कुठून आणू?

३० ऑक्टोबर
गेलो नाही. कडी लावून बसलो. तुकाराम हाका मारून थकला. मग वेणूबाई आल्या. माझ्या नवऱ्याला तहानलेला ठेवू नका, म्हणून दाराबाहेर रडल्या. एकदा पाहू दे, मग देतोच पाणी.

३१ ऑक्टोबर
भरती. आला.
पाठमोरा बसून हंडा तोंडाला लावला — पाणी घशातून जातं आणि फासळ्यांतून खाली — थांबतच नाही —
लिहून काढलं. पण काय उतरलंय! फक्त चेहरा —

१ नोव्हेंबर
हंडा मुद्दाम भरला नाही. पाणी मिळालं नाही की वळेल.
भीती वाटते. आई आठवते. मागचं दार उघडं आहे, अजून पळता येईल — पण एवढं एक पान —
कडी पडली. आत आहे.
वळतोय. ओठ — ओठच नाहीत, खेकड्यांनी — नीट लिही, घाई नको — असं कुणी लिहिलं नसेल —
रिकामा हंडा त्याने टाकून दिला. दौत उचलली. प्यायला. शाई फासळ्यांतून —
अजून तहान आहे. माझ्याकडे —
टाकात उरलीय तेवढ्यात — चेहरा — त्याचा चेहरा अगदी