दगडाच्या अल्याड

तीनधारी माथा,
१८ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.४०, सिमेंटची गोणी पाठीवरून उतरवून

ती. आईस सुशांतचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे, कानटोपी घालतो. पण मन जाग्यावर नाही. परवा बाबांच्या अस्थी चुकीच्या बाजूला सोडल्या.

त्यांनी जन्मभर खाडीत होडी वल्हवली, ह्या काठावरून त्या काठावर. एकदा वरसून, डोंगरासून खाली येवक व्हया, असं ते म्हणायचे. त्यासाठीच तर पर्जन्यमापक बसवण्याचं हे काम मी घेतलं. माथ्यावर कोल्हापूरच्या हद्दीचा दगड आहे. एका अंगाचं पाणी गडनदीतून आपल्या खाडीत, दुसऱ्याचं कर्लीत, तिसऱ्याचं वेदगंगेत. धुक्यात हात दिसेना. दगडाला पाठ लावून मी दिशा पुन्हापुन्हा तपासली आणि घळीतल्या डबक्यात अस्थी ठेवल्या. काल धुकं उठलं, तर घळ पूर्वेला वळलेली. कामावरच्या गुरुदास साहेबांनी नकाशा बघितला. हे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं म्हणाले. समुद्र तो समुद्रच, असंही म्हणाले. पण तिकडे बाबांना कोण ओळखतं?

राख अजून तळाशी दिसते. हात घालायचा धीर होत नाही. काय करू? इथे फोन लागत नाही, सामान आणणाऱ्या बाळा ड्रायव्हरकडे उत्तर दे. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

सुशांत

तोंडवळी,
१९ ऑक्टोबर

चि. सुशांतास आईचे आशीर्वाद.

बाळा ड्रायव्हर घाई करता, म्हणान थोडक्यात. शाळेक जाताना तू दप्तर चार वेळा तपाशी आणि डबो घराकच विसरी. तसाच ह्या. तुझ्या बापाशीन एकदा अख्खा वऱ्हाड भलत्याच धक्क्याक उतरवल्यान होता, नवऱ्यासकट. तो तुका रागावचो नाय. पण त्याका घराक हाडूक व्हयो, परत आणूक व्हयो.

होडीत पाणी शिरला की तो नारळाच्या करटीन उपसी मा? तसाच उपस आणि दगडाच्या अल्याड, आपल्या घळीत ओत. त्याचीच करटी बाळाकडे दिलंय. परवा उजाडताना मी खाडीर गाऱ्हाणा घालतंय: बा देवा म्हाराजा, माझो घोव वाट चुकलो आसा, झिलाची चूक पदरात घे आणि त्याका घराक हाड रे म्हाराजा. 'व्हय म्हाराजा' म्हणूक हय तुझी भैण संचिता आसा. थंय तू म्हण. मोठ्यान.

पोटाक खा. माया आसा ती आसाच.

आई

तीनधारी माथा,
२१ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

धुकं आजही होतं. या वेळी दगडापासून आपल्या घळीपर्यंत काल दुपारीच दोरी बांधून ठेवली होती. तिला धरून करटीनं पाणी उपसत खेपा घातल्या. राख पाण्याबरोबर आली. थोडी दगडांच्या फटीत गेली, ती निघेना. ती पूर्वेला जाईल. हे तुझ्यापासून लपवत नाही.

उजाडलं तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हटलं, पण हळूच. पुन्हा मोठ्यानं म्हटलं, तेव्हा मागून गुरुदास साहेबही म्हणाले.

पाणी कुठे अडलं तर, कुठे जिरलं तर, असं दिवसभर मनात येतं. म्हणून करटी धुतलेली नाही. आत राख लागली आहे. शनिवारी उतरतो. खाडीत तूच धू.

तुझा
सुशांत