पंचूच्या बाळाचं बारसं

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. पहिल्या पानावर शाळेत टाकायचे तसं मोठ्या अक्षरांत नाव टाकलं : उत्कर्षा मानसिंग मगर, राहणार अकलूज, हल्ली सोलापूर. खाली एक फूलही काढलं. वय सव्वीस झालं म्हणून काय झालं!

कारखाना चिंचोळी एमआयडीसीत आहे. टॉवेलच्या कापडाची खेळणी करतात. पंचू अस्वल इथलंच. आमच्या घरी एक पंचू होता, त्याचा कान दादानं चावून चावून तोडला होता आणि आईनं तिथं चादरीचा तुकडा शिवला होता. या पंचूवर कंपनीनं एके काळी कॉम्प्युटरचे गेम करून घेतले होते, हे मला मुलाखतीतच कळलं. तीन केले आणि तिन्ही अर्ध्यावरच रद्द केले. एकही बाजारात आला नाही. आता धाकटे मालक शिवयोगी सर यांना कुणीतरी सांगितलंय, की असल्या कधीच न आलेल्या गेमांसाठी लोक इंटरनेटवर वेडे असतात. म्हणून ते फोनवर आणायचे. मी जुने गेम खेळायचे, पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि कुठं काय चुकतंय त्याचा अहवाल द्यायचा. दिवसभर खेळायचा पगार मिळतो, हे आईला अजून पटत नाही.

मुलाखतीत सरांनी शिक्षण विचारलं. शेजारी मल्लेशअण्णा बसले होते, कंपनीचे जुने कॉम्प्युटरवाले. त्यांनी एकच विचारलं : भाऊ हाय का, आन् भावाच्या घरात पाळणा हलायचा हाय का? मी म्हटलं, हो, वहिनीला आठवा लागलाय, मी आत्या होणार. अण्णा म्हणाले, मग झालं की. सर हसले, मीही हसले. आपल्याकडे मुलाखत म्हणजे निम्मी सोयरीकच असते.

६ नोव्हेंबर

खोली चांगली मिळाली. घरमालकीण महेश्वरी काकू घरात कानडी आणि माझ्याशी मराठी बोलतात. रोज कामावरून आले की दारातच ‘ऊटा आयता’ विचारतात, म्हणजे जेवलीस का. नाही म्हटलं तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात येते. हो म्हटलं तरी येते.

पहिले दोन गेम खेळून झाले. पहिल्यात पंचू दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलांवरून उड्या मारत पळतो. मजा येते, पण मध्येच रस्ता संपतो आणि पुढे नुसता निळा पडदा. पंचू काठावर उभा राहून नुसते पाय हलवत राहतो. दुसऱ्यात तो सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फिरतो. पाळणे आहेत, दुकानं आहेत, माणसांना तोंडं नाहीत. काढायची राहून गेली. बिचाऱ्याला जिंकायला कुणी जागाच ठेवलेली नाही. अहवालात हे लिहिलं नाही, पण मला वाईट वाटलं.

१० नोव्हेंबर

तिसऱ्या गेमला नावसुद्धा नाही. तो फक्त कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर चालतो आणि त्या मशीनला मल्लेशअण्णांशिवाय कुणी हात लावत नाही. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. म्हणाले, लई दिसानं हितं कोन तरी बसलं.

पडद्यावर पाळणा येतो. पाळण्यात पंचूचं बाळ, डोळे मिटलेलं. भोवती अस्वलिणी उभ्या. खाली लिहिलेलं, ‘आत्या, नाव सांगा’. त्याच्या पुढच्या चौकोनात आधीच एक नाव होतं, राजेश्वरी. अण्णा म्हणाले, जुनं हाय ते, खोडा. तुमच्या भावाच्या लेकराला ठरिवलेलं असंल की, तेच टाका.

ठरवलेलं आहेच. दहावीत असल्यापासून ठरवलंय. मुलगीच होणार असंही ठरवलंय. आईनं लावलेल्या सूर्यफुलांवर मधमाश्या रुंजी घालायच्या, तेव्हाच ठरलं, की भाचीचं नाव रुंजी. दादालासुद्धा सांगितलेलं नाही. बारशाच्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं, त्याआधी ओठावर आणायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पण मशीनला सांगितलं म्हणजे काही कुणाला सांगितलं असं होत नाही. मी राजेश्वरी खोडलं आणि रुंजी टाकलं.

बाळानं डोळे उघडले. बटणांचे डोळे, पण सरळ माझ्याकडे बघणारे. त्या काळाच्या मानानं फार सुंदर काम आहे. अण्णांना दाखवायला वळले तर ते रुमालानं तोंड पुसत बाहेर निघाले होते.

१२ नोव्हेंबर

मल्लेशअण्णांनी सगळ्या शिलाई खात्याला पेढे वाटले. त्यांच्या घरात एक बहीण आहे, कितीतरी वर्षं नुसती बसून. भरवलं तर खायची, हाक मारली तर बघायचीही नाही. परवा दुपारी आपणहून उठली आणि म्हणाली, मल्ल्या, च्या कर की रे. सांगताना अण्णा रडत होते. मी दोन पेढे खाल्ले.

बहिणीचं नाव राजेश्वरी. मशीनवरचं. एवढी माया बहिणीवर, की गेममध्येसुद्धा तिचंच नाव टाकलेलं. मला छान वाटलं.

१६ नोव्हेंबर

दादाचा फोन आला. पाच-सहा दिवस झाले, बाळ पोटात हलंना झालंय, म्हणाला. डॉक्टरांनी तपासलं, ठोके चांगले आहेत, काळजी करू नका म्हणाले. तरी आरोही वहिनी पोटावर हात ठेवून बसलेली असते. आमचा दादा, पृथ्वीराज मगर, हा माणूस कधी घाबरत नाही. आज त्याचा आवाज बारीक झाला होता.

गेममधलं बाळ आता दुपटं लाथाडतं. अहवालात ‘हालचाली उत्तम’ असं लिहिलं आणि मग बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

२१ नोव्हेंबर

मुलगी झाली! दिवस भरायच्या आधीच, पण वजन चांगलं. कारखान्यात जिलबी वाटली.

रडली नाही. तळव्यांवर चापट्या मारल्या तरी नाही. श्वास घेते, दूध पिते, नुसती बघत राहते. डॉक्टर म्हणाले, काही बाळं असतात शांत. दादानं व्हिडिओ पाठवला. मी तो आवाज बंद करून बघितला, मग आवाज सुरू करून बघितला. दोन्हीत फरक नव्हता.

दुपारी मशीनवरचं बाळ रडलं. पहिल्यांदाच. मी आवाज कमी केला, पार शून्यावर आणला, तरी रडत होतं. या गेमात आवाज घालायचेच राहून गेलेत, असं अण्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. आज ते मान खाली घालून समोरून निघून गेले. जिलबी तशीच ठेवून.

२ डिसेंबर, अकलूज

बारसं झालं.

पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या, सगळ्या बायका नटून. मी वाकले. तिचा कान इवलासा, थंड. कुर्र करून म्हटलं, रुंजी. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. चांगले जोरात घातले असणार, कारण बांगड्या वाजल्या. मला काही लागलं नाही.

त्याच क्षणी माझ्या पिशवीतून बाळाचं हसू आलं. कामासाठी केलेलं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर आहे, पण ते मी लावलेलं नव्हतं. पुन्हा कुणीतरी पाळण्याशी ‘रुंजी’ म्हणालं, पुन्हा पिशवीतून हसू. बायका म्हणाल्या, आत्यानं बोलणारं खेळणं आणलंय वाटतं, काढ की बाहेर. पाळण्यातली रुंजी छताकडे बघत होती. भिजवून पिळलेला टॉवेल ठेवावा तशी पडलेली.

वहिनी हसली नाही. पोरगी तिच्याकडं अजून एकदाही बघत नाही, एवढंच ती मला हळूच म्हणाली. मी तिचा हात धरायला हवा होता.

४ डिसेंबर

अण्णांना विचारलं. ते उभेच होते, मग खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं.

त्यांचा मुलगा युवराज व्हायचा होता तेव्हा राजेश्वरी इथंच शिलाईत होती. होणारी आत्या, म्हणून गेम तपासायला तिलाच बसवलं. तिनं हौसेनं युवराज टाकलं. पोरगं जन्मलं ते असंच, रुंजीसारखं. मग त्यांनी दुसरी नावं टाकून बघितली, देवाची, गावाची, पंचूचं. मशीन ठेवून घेत नाही. आत्यानंच दिलेलं लागतं, आणि त्या नावाचं खरं माणूस लागतं. शेवटी राजेश्वरीनं स्वतःचं टाकलं. त्याच घटकेला पोरगं रडलं, आणि ती बसली ती बसलीच. थोरले मालक वीरभद्रप्पा यांनी गेम तेव्हाच रद्द केला. मशीन फोडायला मात्र कुणी धजलं नाही, कारण ती त्यात होती.

भन होती ओ माजी, असं अण्णा सारखं म्हणत होते. म्हणून मुलाखतीत तो प्रश्न.

मला संताप यायला हवा होता. मी त्यांच्या शर्टाच्या एका बटणाकडे बघत होते. दोरा निघालेला होता.

अण्णा म्हणाले, थोडं थांबा, सर उन्हाळ्यात आनि एक पोरगी घेनार हायत, तिला पन इचारतो मी, भाऊ हाय का. माझ्या भल्यासाठीच म्हणाले. घरी आल्यावर मी त्या मुलीचा विचार केला. तिनंही नवी वही घेतली असेल.

६ डिसेंबर

रुंजी दूध घेत नाही. कालपासून. नळी घातलीय. दादानं फोन लावला आणि वहिनीकडे दिला. वहिनी म्हणाली, ताई, तुमी आत्या हाय, तुमी हाक मारून बघा की. मारली. माझ्याच फोनमधल्या रेकॉर्डिंगमधून कुणीतरी खुदकन हसलं.

उन्हाळा लांब आहे.

८ डिसेंबर

आधी अहवाल पूर्ण केला. तिसरा गेम चालत नाही, दुरुस्त होणार नाही, रद्दच ठेवावा, असं लिहून सरांना पाठवलं. अण्णांना शपथ घ्यायला लावली, की कुठल्याही मुलीला तो प्रश्न विचारायचा नाही. ते म्हणाले, मग तुमाला भायेर कोन काढंल? मी म्हटलं, विचारायचा नाही. त्यांनी युवराजच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा हवेत हात धरला आणि शपथ घेतली.

मग मशीनसमोर बसले. रुंजी खोडलं. पडद्यावरचं बाळ मोठ्या डोळ्यांनी बघत होतं. माझं नाव टाकलं.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. बोटं तेवढी बधिर झाली.

फोन वाजला. दादा ओरडत होता, पण ऐकू येईना, मागे बाळ एवढं मोठ्यानं रडत होतं. बघते की ओ ताई, माझ्याकडं बघते, असं वहिनी म्हणत होती. हसत होती की रडत होती ते कळलं नाही. मी फोन कानाला धरून ठेवला. चांगलं झालं. हे चांगलं झालं, म्हणून इथं लिहून ठेवते.

१० डिसेंबर

भाकरीला चव नव्हती. काकूंच्या भाकरीला नाही, माझ्या तोंडाला.

स्वयंपाकघरातून काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. कितीतरी वेळ. मला वाटलं, शेजारची कोणी असेल. मग येऊन त्यांनी माझा खांदा हलवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

कंपनीच्या ओळखपत्रावर माझा फोटो आहे. शेजारी अक्षरं आहेत. वाचली. कुणाची तरी आहेत.

१३ डिसेंबर

कामावर नाही गेले. का ते —

अण्णा आले होते. सोबत एक बाई. माझे केस विंचरले तिनं. राजेश्वरी असेल.

टॉवेल मऊ असतो. आत काही नसतं, चिंध्या —

१४ डिसेंबर

दादा आलाय. रुंजीला घेऊन. वहिनीपण. पोरगी गुटगुटीत. माझं बोट धरलं. धरलेलं दिसलं.

दादा एकच शब्द म्हणतोय. पुन्हा पुन्हा. रुंजी त्याच्या तोंडाकडे बघून हसते. छान शब्द असेल.

कोपऱ्यात फोन आहे, त्यातूनही कोणी —

काकूंनी वही दिली. पहिलं पान उघडून दिलं. फूल आहे. फुलाच्या वर —

अण्णांनी दादाला सगळं सांगितलंय. दादा म्हणतो, लिही. तुझ्या हातानं लिही, सुटशील. रडतोय. त्यानं रडू नये म्हणून लिहिते.

मी रुंजीची आत्या. माझं नाव