ज्या तळ्यात रात्र होत नव्हती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पर्यावरणशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे माझ्या हाताने लिहिते. गुडघे कुरकुरतात, हृदयाबद्दल डॉक्टर फारसं बोलत नाहीत, पण डोकं शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर तो कोणाला जमलाही नसता. आधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीस. तिने माझी पुस्तकं रद्दीत घालू नयेत. घालणारच असेल, तर निदान वर्ष सरू द्यावं.

२. ऑक्सिजन मोजायचा मीटर व नमुन्यांच्या छत्तीस बाटल्या आमच्या प्रयोगशाळा सहायकांस, म्हणजे बाटलीभाऊंस. कॉलेजमागच्या तळ्याचं पाणी त्यांनी दर मंगळवारी अकराला, एकही खाडा न करता, सव्वीस वर्षं मोजलं. त्यांच्या वह्यांवरून मी संगणकात तळं उभं केलं. मुलं त्यात सांडपाणी सोडत, खत ओतत, शेवाळ वाढवत आणि मासे जगतात का ते पाहत. मासे बहुतेक जगत. विभागप्रमुख म्हणाले होते, "खेळणं छान आहे." त्यांस काहीही ठेवलेलं नाही.

३. हे संगणकातलं तळं, त्याचे सर्व हक्क व लॅपटॉप माझ्या एका विद्यार्थिनीस. वर्गात तिला आम्ही शंकासुर म्हणत असू. आज ती त्याच विभागात शिकवते. अकरा वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत तिने मलाच विचारलं, "मॅडम, या तळ्यात रात्र का होत नाही?" "अभ्यासक्रमात नाही," मी म्हणाले, आणि आगाऊपणाचे दोन गुण कापले.

गेल्या उन्हाळ्यात खऱ्या तळ्यातले मासे एका सकाळी पोट वर करून तरंगले. बाटलीभाऊंची अकराची नोंद मात्र झकास! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच वापरून टाकतं. तळ्याचे प्राण कंठाशी येतात ते पहाटे. आम्ही मोजत होतो अकराला, कारण कॉलेज अकराला उघडतं.

"मला पहाटे जा म्हणून कोणी सांगितलंच नाही," बाटलीभाऊ म्हणाले. खरं आहे. चूक माझी. पंधरा वर्षं मी मुलांना सुखरूप तळं शिकवलं आणि त्यांतली काही आज खऱ्या तळ्यांच्या फायलींवर सह्या करतात. मला याची लाज वाटते.

शंकासुराला फोन करून विचारलं, "तुला तेव्हा सुचलं कसं गं?"

"आमचं घर तळ्याला लागूनच होतं, मॅडम. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

४. अट: तळ्यात रात्र घातल्याखेरीज ते वर्गात लावू नये. जुनं तळं पुसू नये, ते माझ्या नावानिशी मुलांपुढे ठेवावं आणि "यात बाईंचं काय चुकलं?" असं विचारावं. कापलेले दोन गुण मी परत देते. विद्यापीठ ऐकायचं नाही, म्हणून इथे लिहिलं. सोबत माझं गजराचं घड्याळ. ते पाच मिनिटं पुढे आहे, तसंच ठेवावं.

५. रात्र घातल्यावर ते तळं किती दिवस तगेल, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे. मृत्युपत्रात तशी सोय नाही म्हणतात. तरी कोणी माझ्या फोटोसमोर आकडा मोठ्याने वाचला, तर हरकत नाही.

मी हे तळं पहाटे कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून सही इथे येऊन करते. डॉक्टर मघापासून कुरकुरतायत, "दवाखान्यात झाली असती की सही!" आता तेही वाकून पाण्यात बघतायत. मासे वर आले आहेत, तोंडं उघडून. पहारेकऱ्यांच्या टॉर्चच्या उजेडात मी मोजले तेवढे चौतीस.

सही: निवृत्त प्राध्यापिका
साक्षीदार: १. माझे डॉक्टर (मी शुद्धीत असल्याबद्दल) २. तळ्याचे पहारेकरी
स्थळ: तळ्याची खालची पायरी
दिनांक: १० मार्च २०२६, मंगळवार, पहाटे पाच चाळीस
ऑक्सिजन: लिटरला दीड मिलिग्रॅम. मोजणारे: बाटलीभाऊ. पहाटेची पहिली नोंद.