अकरानंतरचे आकडे

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४. दुपारी १

ही डायरी सोनलताईने जानेवारीत दिलेली. आज पहिलं पान. दहा महिने टाळलं, हे कबूल. पण त्याला आळस म्हणता येणार नाही. नाशिकला द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये सतरा दिवस, गोव्यात कयाकवाल्याकडे दोन महिने, मग पुण्यात एकाच्या फूड ट्रकवर, जो सुरूच झाला नाही. जगायचं की लिहायचं?

आता लिहिणं भाग आहे. आत्या आयसीयूत आहे. शनिवारी बायपास झाली. हॉस्पिटल ठाण्यातलंच. नाव लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती लागली तर? आत्या म्हणजे आवडाबाई, पप्पांची थोरली बहीण, शाळेत शिपाई होती. मी कुठूनही परत आलो की वर्तकनगरचं दार तीच उघडते. कुठे होतास विचारत नाही. आधी पाय धू म्हणते.

हॉस्पिटलवर संशय आहे. मला भेटायला अकराची दहा मिनिटं दिलीयत, संध्याकाळची सोनलताईला (आत्याची मुलगी, डोंबिवलीला दिलेली). आज आत गेलो तर जागृती म्हणून एक सिस्टर आत्याच्या लघवीची पिशवी मोजत होती. दर तासाला मोजते आणि कागदावर लिहिते. का, विचारलं. म्हणाली, किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. ऑपरेशन हृदयाचं, लक्ष किडनीवर!

सिस्टर वळल्यावर आत्या हळूच म्हणाली, गुडघे फार ठणकतायत रे. तेवढ्यासाठीच मी शहाडची पुडी खिशात ठेवलेली. स्टेशनबाहेर शिवराम बसतो, त्याच्याकडची. दोन वर्षं घेतेय ती. चमचाभर पाण्यात दिली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलेलं, आणखी काही औषध चालू आहे का? मी नाही म्हणालेलो. बरोबरच आहे. ते औषध नाही, झाडपाला आहे.

ठरवलं: रोज लिहायचं. पहाटे पाचला उठायचं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. दुपारी १२

साडेदहाला उठलो.

पुराव्यासाठी वेगळी वही केली. पहिल्या पानावर ‘सापडल्यास परत करावी’ आणि माझ्या मित्राचा, सुदेशचा, कोलशेतचा पत्ता. आत्याच्या घरचा दिला तर हे लोक थेट घरी पोचतील. एवढा पुढचा विचार फार कमी जण करतात.

पलंगाला कागद लटकवलेला असतो. कालचे आकडे उतरवले. सकाळी ताशी ५५, ६० मिली. अकरापर्यंत झकास. मी बाहेर पडल्यावर दुपारी ३५, मग २५, मग २०. पहाटे परत ५०.

म्हणजे माझी पाठ वळली की आकडा पडतो. दिवसपाळीला कोण? जागृती सिस्टर. रात्रपाळीला दुसरी. आणखी काय पुरावा पाहिजे?

पुडी दिली. आत्याला बरं वाटलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

काल परत तेच. अकरानंतर घसरण. जागृती सिस्टरने तर डॉक्टरांना बोलावून घेतलं, स्वतःच. चोर स्वतः पोलिसांना बोलावतो तसं. वर मलाच विचारते, घरून काही खायला-प्यायला आणता का? मी म्हणालो, मी स्वतःच उपाशी आलोय. (पुडी तोवर देऊन झालेली.)

सुदेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, किडनी दोन असतात, मोजून घे. मोजायच्या कशा ते त्याला माहीत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. रात्री ८

आज जायला जमलं नाही. कोलशेतला सुदेशच्या टीममध्ये एक जण कमी होता. बॉक्स क्रिकेट. एकच मॅच म्हणून गेलेलो, सेमीफायनलपर्यंत पोचलो. माझ्या धावा: चार. कॅच सुटला त्याला लाइट जबाबदार. भर दुपारी लाइट नव्हते, हाच मुद्दा आहे.

सोनलताईने फोनवर झाडलं. आई अकरा वाजता दाराकडे बघत होती म्हणे.

उद्या दहालाच पोचायचं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. दुपारी १२.३०

अकरा वाजून चार मिनिटांनी पोचलो. केस उलगडली!

गुरुवारचे आकडे: अकरानंतर ५०, ५५, ६०, ६०. घसरण नाहीच. म्हणजे मी गेलो नाही त्या दिवशी सगळं सुरळीत. अर्थ सरळ आहे. हे नाटक फक्त माझ्यासाठी चाललंय. प्रेक्षक नाही तर खेळ नाही.

आत्या म्हणाली, काल गुडघ्यांनी जीव खाल्ला. म्हणून आज दोन पुड्या दिल्या, कालची धरून.

शनिवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ३

शुक्रवारचे आकडे: १५, १०, १०. कहर. आत्याचा चेहरा सुजलाय. पुडी द्यायच्या आधीच मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. सोनलताईही तिथेच. बरंच झालं, साक्षीदार.

वही टेबलावर आपटली. ते दोनदा वाचत बसले. म्हटलं, आता जागृती सिस्टरला बोलावतील. बोलावलं. तिला खुर्ची दिली. मी उभाच.

तिने तिचा कागद वहीशेजारी ठेवला. सगळे आकडे जुळले. डॉक्टर म्हणाले, हिला सोमवारीच शंका आली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये बुधवारपर्यंत काही दिसत नव्हतं. किडनीला मार बसला की लघवी आधी सांगते, रक्त मागाहून. मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, “गुरुवारी तू आला नव्हतास.”

मी म्हणालो, अर्जंट काम होतं.

“अकरा वाजता तू त्यांना काय देतोस?”

“धीर,” मी म्हणालो.

सोनलताई माझ्या खिशाकडे बघत होती. गाडी नो पार्किंगला आहे सांगून निघालो. माझ्याकडे गाडी नाही, हे तिला माहितेय. वही टेबलावरच राहिली.

घरी न जाता कोलशेतला सुदेशकडे आलोय. पळालो नाही. शांतपणे विचार करायला जागा पाहिजे.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ११

पुडीवर नाहक बालंट येतंय, म्हणून सकाळीच शहाडला गेलो. शिवरामला विचारलं, यात नक्की काय असतं? म्हणाला, मुळ्या. कुठल्या? जंगलातल्या. मी म्हणालो, आयसीयूतले डॉक्टर विचारतायत. त्याने चादरीची चार टोकं उचलली, गाठ मारली आणि निघाला. बहुतेक जेवायची वेळ झाली असावी. पावणेदहा वाजलेले.

दुपारी १

पुडी निर्दोष आहे हे सिद्ध करायला स्वतः एक घ्यायची ठरवली. रिकाम्या पोटी नको, म्हणून जेवलो. आता भरल्या पोटी नको.

दुपारी २

सोनलताईचा फोन. ओरडली नाही. तेच वाईट. आत्याने डॉक्टरांना सांगितलं, पुड्या माझ्या मीच घेत होते, उशाखाली होत्या, संपल्या, सर्वेशला (म्हणजे मला) काहीएक माहीत नाही. दोन्ही हातांना नळ्या असताना पुडी फोडली कशी, विचारलं तर तोंड फिरवून पडून राहिलीय. डॉक्टर म्हणतात, लवकर कळलंय, किडनी सावरेल. पण आत काय होतं ते समजल्याशिवाय पुढचं औषध कशाच्या आधारावर द्यायचं? एक तरी पुडी हवी. सोनलताई एवढंच म्हणाली, तुला काही माहीत नाही हे मी तिच्यासारखंच सगळ्यांना सांगू का?

मी म्हणालो, रेंज जातेय.

तीन पुड्या आहेत. सुदेशच्या बुटात.

दुपारी २.३०

तीनला निघायचं. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या आणि सांगायचं, मी दिल्या.

दुपारी ३.१०

रविवार आहे. डॉक्टर नसतील. चारला निघू.

दुपारी ४

हॉस्पिटलात माझ्यावर लक्ष ठेवून असतील. त्यापेक्षा पोस्टाने पाठवाव्यात. उद्या सकाळी. नाव न लिहिता.

आत्या दार उघडायला घरी नसेल तर मी जायचं कुठे, हा प्रश्न आज पहिल्यांदा डोक्यात आला. लिहून ठेवतो.

दुपारी ४.१५

सुदेश धावत वर आला. खाली स्कूटरवर एक बाई आलीय, जागृती नावाची. आज तिची सुट्टी असते. हातात माझी वही आहे, पत्ता त्यातच मिळाला म्हणे. सुदेशने वर बोलावलं तर नाही म्हणाली. म्हणते, त्यालाच पुड्या घेऊन खाली यायला सांगा, मागच्या सीटवर जागा आहे.